शेततळ्याला बारा महिने हवा: यंत्र कोणतं, किती तास आणि कुठल्या वेळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. पाणी मुळात डाळिंबासाठी, मासे जोडधंदा. रोहू, कटला, मृगळ मिळून साधारण १८०० मासे. गेल्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. आता दुकानदार १ एचपीचा रिंग ब्लोअर (हवा फुंकणारं यंत्र) आणि एअरोट्यूबचं, म्हणजे बारीक छिद्रांच्या नळीचं, रीळ घ्या म्हणतोय. तेवढ्यात भागेल का? बारा महिने चालवायचं तर रोज किती तास? आणि शेतीची थ्री फेज रात्री नसते, तिचं काय करायचं? जाता जाता मोबाइल स्टार्टरबद्दलही विचारलंय.

ब्लोअरबद्दल आधी बोलतो, कारण पैसे अजून तुमच्या खिशात आहेत. तळाशी ट्यूब टाकायची असेल तर तो घेऊ नका. एक मीटर पाण्याखाली हवा ढकलायला साधारण १०० मिलिबार दाब लागतो, म्हणजे तीन मीटरला ३०० झाला. त्यात पाइपातलं घर्षण, ट्यूबच्या बारीक छिद्रांचा अडथळा आणि वर्षभरात त्या छिद्रांवर चढणारा क्षाराचा थर मिळवला की ३५०-४०० धरून चालावं लागतं. साधा १ एचपीचा रिंग ब्लोअर १६० ते २०० मिलिबारलाच दम टाकतो. यंत्रात खोट नाही. ते बायोफ्लॉकच्या, म्हणजे टाकीत दाटीनं मासे वाढवण्याच्या, टाकीसाठी चांगलं आहे, तिथं पाणी सव्वा मीटरच असतं. तीन मीटरवर ट्यूब सोडली की बुडबुडे येतच नाहीत, हवा ब्लोअरमध्येच घुसमटते, तापते आणि शेवटी बेअरिंग जातं. एका शेतकऱ्याच्या तळ्यावर मी गेलो तेव्हा ब्लोअरच्या तोंडाजवळचा पीव्हीसी पाइप मेणबत्तीसारखा वाकला होता आणि ते बिचारे ट्यूब चोक झाली म्हणून चार महिने ट्यूबच धूत बसले होते. तुम्ही ब्लोअर घेऊनच टाकला असेल तर ट्यूब पाण्यात एक-सव्वा मीटरवर टांगा. वाया जाणार नाही, पण तळाचं काम त्याच्याकडून होणार नाही.

आता जूनमध्ये नेमकं काय झालं ते. हे समजलं की कुठलं यंत्र आणि कुठल्या वेळी, याचं उत्तर आपोआप येतं.

मे महिन्यात दुपारी दोनला दोरीला थर्मामीटर बांधून तळ्यात सोडून बघा. वरच्या हातभर पाण्यात ३३ अंश, तळाशी २८. गरम पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं. थंड पाणी खाली बसून राहतं आणि दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. कागदाच्या तळ्यात हे जास्तच होतं, कारण मे महिन्यात पाणी खोल गेलेलं असतं, चारी बाजूंनी उंच बांध, वाऱ्याची झुळूक पाण्याला लागतच नाही. वरच्या थरात शेवाळ ऊन घेऊन ऑक्सिजन बनवत असतं. खालच्या थरात खाद्याचा चोथा, माशांची विष्ठा, मेलेलं शेवाळ कुजत असतं. तिथला ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येणारा वायू तयार होतो. वळवाचा पाऊस पडला की थंड पाणी वरून तळाशी उतरतं आणि तळाचं काळं पाणी उचलून वर आणतं. त्यात आभाळ भरलेलं, म्हणजे दिवसभर शेवाळानं काही कमाई केलेली नाही. मासे पावसानं मरत नाहीत. वर्षभर तळाशी साठवलेली उधारी पाऊस एका रात्रीत वसूल करतो.

दुसरी गोष्ट निव्वळ गणिताची आहे. तुमचं तळं भरलेलं असतं तेव्हा त्यात २० लाख लिटरच्या आसपास पाणी असतं. ऑक्टोबरमध्ये मासे पावशेराचे, म्हणजे एकूण ४५० किलो. जूनच्या सुरुवातीला डाळिंबानं पाणी पिऊन दीड मीटरच उरलेलं असतं. बाजू तिरक्या असल्यामुळे दीड मीटर म्हणजे निम्मं पाणी नव्हे, जेमतेम आठ-नऊ लाख लिटर. आणि मासे तोवर ६०० ग्रॅमचे झालेले, म्हणजे १०८० किलो. पाणी निम्म्याहून कमी, मासे अडीचपट.

संध्याकाळी लिटरला ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असला तर आठ लाख लिटरमध्ये साडेसहा किलो ऑक्सिजन आहे. एक किलो मासे तिशीच्या तापमानाला तासाला साधारण ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतात, म्हणजे तुमचे सगळे मासे तासाला ३२५ ग्रॅम. शिवाय पाण्यातलं शेवाळ आणि जिवाणू रात्री स्वतःच श्वास घेतात, तो खर्च अशा हिरव्या पाण्यात लिटरला तासाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम; म्हणजे आणखी अडीचशे ते चारशे ग्रॅम. अनेकांना वाटतं ऑक्सिजन मासेच खातात. निम्मा वाटा पाणीच खातं, आणि भरलेल्या तळ्यात तर निम्म्याहून बराच जास्त. एकूण तासाला सहाशे-सातशे ग्रॅम, अकरा तासांची रात्र, हिशेब सात किलोवर जातो. हातात साडेसहा. म्हणजे निरभ्र दिवसानंतरसुद्धा तुमचं तळं मे-जूनच्या पहाटे काठावरच उभं होतं. ढगाळ दिवशी संध्याकाळी ५ मिलिग्रॅमच असेल तर रात्री एकच्या सुमारास खेळ संपतो, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

म्हणून एरेशनकडे, म्हणजे पाण्याला हवा देण्याकडे, मी एक काम म्हणून बघत नाही. दोन कामं आहेत. एक, दिवसा पाणी खालीवर करून थर मोडणं. दुसरं, पहाटे जीव वाचवणं. दोन्हींना यंत्रं वेगळी, वेळा वेगळ्या, वीजही वेगळी.

दिवसाच्या कामाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तेच स्वस्त आहे. दुपारी दोन-तीनला हिरव्या पाण्याच्या वरच्या थरात ऑक्सिजन १२-१३ मिलिग्रॅमपर्यंत चढलेला असतो, पाण्यात मावतो त्याहून जास्त. तो तसाच ठेवला तर हवेत उडून जातो. त्याच वेळी तळाशी एक-दोन मिलिग्रॅम. हे दोन्ही एकत्र केले की सगळ्या तळ्यात सात-आठचा साठा होतो, आणि तो शेवाळानं फुकट दिलेला असतो. या कामाला पाणी उडवणारं चक्र नको. भर दुपारी चक्र लावलं तर ते जास्तीचा ऑक्सिजन बाहेरच फेकतं. तळाजवळून बुडबुडे सोडले की ते वर येताना खालचं पाणी सोबत ओढून आणतात. हवेतला ऑक्सिजन त्यातून फार विरघळत नाही, पण पाणी हलतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

तुमच्या एवढ्या तळ्याला अर्धा एचपीचा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर आणि दोन गोल डिस्क डिफ्यूजर (बारीक बुडबुडे सोडणाऱ्या रबरी चकत्या) पुरतात. ऑइल-फ्रीच घ्या, तेलाच्या कॉम्प्रेसरची हवा तळ्यात तेलाचा तवंग आणते. घेताना ‘सलग चालणारा’ असं स्पष्ट सांगून घ्या. दंतवैद्यांकडे असतो तो छोटा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालायला बनवलेला असतो. मी पहिला तसलाच आणला होता, दीड महिन्यात त्याची पिस्टनची रिंग गेली. दोन-तीन शेजाऱ्यांची तळी जवळजवळ असतील तर सगळ्यांत मिळून एक रूट्स ब्लोअर घेणं परवडतं, तो ४००-५०० मिलिबार सहज देतो. एकट्या तळ्याला तो म्हणजे मुंगीला हत्तीचं बळ.

डिफ्यूजर बसवताना कागदाची काळजी. लोखंडी स्टँड किंवा विटा बांधून सोडू नका, कोपरा लागला की कागद गेला. मी प्लास्टिकच्या घमेल्यात सिमेंट ओततो, मधोमध डिफ्यूजरचा निपल, म्हणजे पाइपाचा आखूड तुकडा, उभा करतो आणि घमेल्याच्या बुडाला जुन्या ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा चिकटवतो. डिस्क तळापासून फूट-दीड फूट वर राहील एवढा निपल उंच ठेवायचा, म्हणजे गाळ उचकटत नाही. घमेल्याच्या कानाला जाड नायलॉनची दोरी बांधून ती बांधावर आणून ठेवा. दर दोन महिन्यांनी डिस्क वर काढायची आहे, तेव्हा त्या दोरीची किंमत कळेल. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षारयुक्त. डिस्कवर पांढरा थर बसतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून मऊ ब्रशनं घासली की मोकळी होते. काहीजण थेट संडास धुवायचं ॲसिड वापरतात, ते मी टाळतो.

कॉम्प्रेसर बांधावर, पाण्याच्या कमाल पातळीच्या वर आणि सावलीत. डबा केला तर दोन बाजूंना जाळी ठेवा. पत्र्याच्या बंद पेटीत ठेवलेला कॉम्प्रेसर उन्हाळ्यात स्वतःच्याच गरम हवेत शिजतो. यंत्रातून निघणारी हवा बरीच गरम असते, म्हणून पहिले दोन-तीन मीटर जीआय (लोखंडी) पाइप, मग पुढे एचडीपीईचा (प्लास्टिकचा). त्याच्या सुरुवातीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. वीज गेली की पाणी पाइपातून मागे चढतं आणि वीज आल्यावर पिस्टन पाण्यावर आदळतो. दाबाचा छोटा काटा लावा. काटा नेहमीपेक्षा वर जायला लागला तर डिस्क चोक, खाली आला तर पाइप कुठंतरी निसटलाय. एवढं कळायला पाण्यात उतरावं लागत नाही.

पहाटेच्या कामाला मात्र पॅडल व्हील, म्हणजे आपला चक्राचा एरेटर. प्रयोगशाळेच्या टाकीत तो एका युनिट विजेत दोन किलोच्या आसपास ऑक्सिजन विरघळवतो. आपल्या गरम पाण्यात, तळ्यात आधीच थोडा ऑक्सिजन असताना, त्याच्या निम्मा धरा. वरच्या हिशेबात सगळ्यात वाईट रात्री आपल्याला तासाला ७०० ग्रॅमची भर घालायची होती. १ एचपीचं दोन चक्रांचं यंत्र ते जेमतेम करतं. मासे १८०० च राहणार असतील तर १ एचपी घ्या. ३००० टाकायचा मोह असेल तर १ एचपीची दोन घ्या, २ एचपीचं एक नको. एक बिघडलं तर दुसरं असतं.

चक्र तळ्याच्या मध्यावर ठेवू नका. एका बाजूला, काठाला समांतर पाणी फेकेल असं लावा, म्हणजे सगळं तळं गोल फिरतं आणि गाळ मधोमध गोळा होतो. चक्राखाली किमान एक मीटर पाणी पाहिजे. कागदातून खुंटी ठोकायची नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाला चार लोखंडी खुंट्या, त्यांना चार दोऱ्या. आणि सगळे विसरतात ती गोष्ट: पाणी उतरेल तशी दोरी सैल-ताठ करत राहावं लागतं. माझ्याच तळ्यावर एका एप्रिलमध्ये पाणी चार फूट उतरलं, दोरी मात्र जानेवारीतलीच. पहाटे जाऊन बघतो तर एक फ्लोट उतारावर टेकलेला, यंत्र तिरकं, एक चक्र हवेत भिरभिरतंय आणि दुसरं मोटरसकट पाण्यात. मोटर जळाली होती, मासे वाचले ते नशिबानं. तेव्हापासून दोरीवर दर फुटाला रंगीत गाठ मारून ठेवतो आणि पाण्याची पट्टी बघितली की गाठ सरकवतो.

विजेकडे येऊ. आपल्या भागात शेतीच्या फीडरला वर्षानुवर्षं दिवसा आठ तास नाही तर रात्री दहा तास, आठवड्याला पाळी बदलून, असा कारभार चालत आला. आता सौर कृषी वाहिनीमुळे बऱ्याच ठिकाणी दिवसाची वीज मिळायला लागली. पिकाला पाणी देणाऱ्याला हे सुख आहे, रात्री साप-विंचवात जावं लागत नाही. माशांच्या दृष्टीनं मात्र उलटं झालं: ऑक्सिजन लागतो पहाटे आणि वीज येते दिवसा. म्हणून दिवसाचं काम दिवसाच्या विजेवर भागवायचं. कॉम्प्रेसर अर्धा एचपीचाच असल्यानं तो सौर पॅनेलवरही छान चालतो, बॅटरी न लावता. ऊन असतं तेव्हाच त्याचं काम असतं. सौर पंपाच्या कंट्रोलरवर परस्पर दुसरी मोटर जोडू नका. तो पंपासाठीच बनवलेला असतो, कंट्रोलर जळाला तर दुरुस्तीचा खर्च तुमच्या माथी येतो.

रात्रीसाठी सिंगल फेजचं चक्र घ्या आणि वस्तीवरच्या घराच्या मीटरवरून रीतसर लाइन ओढा. आकडा टाकू नका, ओलं तळं आणि आकडा ही जोडी माणूस घेते. केबल बारीक घेऊ नका. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना ७ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या चार-पाचपट. शंभर मीटरवर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल सुरू होताना ४०-४५ व्होल्ट गिळते. गावात आधीच १९० व्होल्ट असतील तर मोटर नुसती घुमते, चक्र फिरत नाही. चार चौरस मिलिमीटरची घ्या.

घर लांब असेल तर इन्व्हर्टरचा विचार मनात येतो. १ एचपी आठ तास चालवायला साधारण आठ युनिट लागतात. १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीतून हाताला एकच युनिट लागतं. आठ बॅटऱ्या कोण घेणार? त्यापेक्षा ३ केव्हीएचा जनरेटर बरा, वर्षातून पंधरा-वीस रात्रीच लागतो. एका बॅटरीवर १००-१२० वॉटचा छोटा लिनियर एअर पंप मात्र रात्रभर चालतो. सगळं तळं त्यानं वाचत नाही, पण ट्यूब एका कोपऱ्यात सव्वा मीटरवर ठेवली की मासे तिथं गोळा होतात. तुम्ही जनरेटर सुरू करेपर्यंतचा वेळ त्यातून मिळतो.

आता बारा महिन्यांचं. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये बारमाही एरेशन म्हणजे हिवाळ्यात बर्फाला भोक ठेवणं. ते बघून काहीजण इथं डिसेंबरात रात्रभर बुडबुडे सोडतात. आपल्याकडे याचा उलटा परिणाम होतो. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा रात्रभर तळाशी बर्फागत हवा सोडणं म्हणजे तळातलं जरा उबदार पाणीही वर आणून थंड करणं. रोहू-कटला अठराच्या खाली गेले की खाणं सोडतात, अंगावर बुरशी चढते. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो (३० अंशांना साडेसात, १५ अंशांना दहा मिलिग्रॅम), आणि मासेही कमी घेतात. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी फक्त दुपारी बारा ते दोन कॉम्प्रेसर, चक्र बंद. पंगस मासा पाळणाऱ्यांना एरवी ऑक्सिजनची एवढी धास्ती नसते, तो वर येऊन हवेतला घेतो. थंडीत मात्र त्याचेच सगळ्यात जास्त हाल. कडाक्याच्या रात्री द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि बोअर सोडून ठेवतात, तसं तळ्यात बोअरचं पाणी सोडलं तर ऊब मिळते. पण बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. ते सरळ तळाशी सोडू नका, भोकं पाडलेल्या पाइपातून शॉवरसारखं वरून पडू द्या.

फेब्रुवारीपासून कॉम्प्रेसरचा वेळ वाढवत न्या, मार्चमध्ये दुपारी तीन तास, एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार. रोज. चुकवायचं नाही, कारण चार दिवस बंद राहिला की थर पुन्हा जमतो. एप्रिलपासून पहाटे दोन ते सूर्य चांगला वर येईपर्यंत चक्र. जून ते सप्टेंबर दुपारच्या वेळेला अर्थ उरत नाही, ऊनच नसतं. तेव्हा सगळा भर रात्रीवर. सलग दोन दिवस झाकोळ असेल तर खाद्य बंद आणि चक्र रात्री दहापासून. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालतो तेव्हा तुलनेनं बरं असतं, आषाढातली झड वाईट. ऑक्टोबरमध्ये तळं भरलेलं आणि मासे लहान, तो विश्रांतीचा महिना. यंत्राचं ग्रीस, गिअरबॉक्सचं तेल, चक्रात अडकलेले जाळ्याचे धागे काढणं तेव्हाच उरकून घ्या.

एक चूक तुम्ही करू नये म्हणून माझीच सांगतो. पहिल्या वर्षी मला थरांचं ज्ञान झालं ते मे महिन्यात. उत्साहात तळाशी डिफ्यूजर सोडले आणि पहिल्याच दिवशी सहा तास चालवले. आठ महिने न हललेलं तळाचं पाणी सगळं वर आलं. दुपारी साडेतीनला पाणी चहाच्या रंगाचं, नाक धरावं असा वास, आणि मासे काठाला येऊन तोंड वासताहेत. पावसानं जे केलं असतं ते मी स्वतःच्या हातानं, विजेचं बिल भरून केलं. जुन्या तळ्यात पहिल्यांदा सुरू करताना पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, असं वाढवायचं. शक्यतो सुरुवात पाणी थंड असताना, जानेवारी-फेब्रुवारीत. तुम्ही आत्ता उन्हाळ्यात सुरू करणार असाल तर अर्ध्या तासाचा टप्पा तीन-चार दिवस धरा आणि तेवढे दिवस खाद्य निम्मं करा.

तास ठरवायला माझं वेळापत्रक आंधळेपणानं वापरू नका, एक किट घ्या. थेंब टाकून रंग बघायचं साधं किट पुरतं. रात्री आठला आणि अकराला मोजा. समजा ६.८ आणि ५.६ आलं. तीन तासांत १.२ उतरलं, म्हणजे तासाला ०.४. सकाळी सहापर्यंत सात तास, आणखी २.८ जाणार, पहाटे २.८ उरणार. ३ च्या खाली मासे त्रासतात, म्हणून चक्र दोनला लावा, तेव्हा ४.४ असेल. हा हिशेब मी वहीत करतो, कारण पहाटे जाऊन मोजलं तर मोजेपर्यंत उशीर झालेला असतो. किट नसेल त्या दिवशी हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. बोटं वीतभर खोलीवरच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झालंय, रात्री जागं राहा. आणि हिरवं पाणी दोन दिवसांत अचानक तपकिरी झालं तर शेवाळ मेलंय. तेव्हा दिवसासुद्धा चक्र बंद करू नका.

ऐन वेळी काहीच नसेल तर शेतीचा पंप सुरू करून पाणी तळ्यातच उंचावरून शॉवरनं पाडा. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड) तळापासून दोन फूट वर उचलून, नाहीतर तळाचंच विष फवाराल. ऑक्सिजनच्या गोळ्या तास-दोन तास रेटतात, घरात एक डबा असू द्या.

सुरक्षेत कंजुषी करू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), यंत्राच्या बॉडीला वेगळी अर्थिंग, जोड एकही पाण्यात नाही. कागदाचा उतार ओला झाला की साबणासारखा होतो. पट्टीचे पोहणारे त्यावरून वर चढू शकलेले नाहीत. चारी बाजूंना गाठी मारलेली जाड दोरी आणि टायर कायम सोडलेले असू द्या. दोरी सरकवायला जाताना मेन स्विच पाडा, फ्यूज खिशात घाला आणि बांधावर दुसरा माणूस उभा करा. रात्री एकट्यानं यंत्राला हात लावायचाच नाही.

राहिला मोबाइल स्टार्टर. घ्या, फोनवरून चालू-बंद होतं, वीज गेल्याचा कॉल येतो, झोप थोडी बरी लागते. पण तो मोटरला करंट जातोय एवढंच सांगतो. गिअरबॉक्सची पिन तुटली किंवा चक्र शाफ्टवर नुसतं घसरत असलं तरी त्याच्या लेखी सगळं सुरळीत असतं. मी अडीचचा गजर लावतो, खिडकी उघडतो आणि पाणी आपटल्याचा आवाज येतोय का ते ऐकतो. नसेल येत तर बॅटरी घेतो आणि बायकोला उठवतो.